इंग्लंडातल्या लेस्टरला येताय? आधी गोलकीपर ओळखून घ्या

पहिली गोष्ट, लायसेस्टर म्हणू नका. लेस्टर. मी पहिल्या दिवशी टॅक्सीवाल्याला 'लायसेस्टर' म्हणालो आणि तो अख्खा रस्ताभर हसत होता.

बँकेचं खातं, भाड्याचं घर, जीपी म्हणजे फॅमिली डॉक्टर, हे सगळं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. फुटबॉलचं सांगत नाही. आपली मंडळी दहा-दहा वर्षं इथे राहून फक्त क्रिकेटच्या ग्रुपात रमतात आणि मग तक्रार करतात की गोरे बोलत नाहीत. अहो, सोमवारी सकाळी ऑफिसात ते शनिवारच्या सामन्यावरच बोलत असतात! आणि पुण्यात घेतलेला मँचेस्टर युनायटेडचा शर्ट घालून शेजाऱ्यांकडे जाऊ नका. मी गेलो होतो.

शेजारच्या म्हाताऱ्याशी बोलायचं तर गोलकीपरचा विषय काढा. हे शहर गोलकीपरांचं आहे. इंग्लंडकडून १९६६ चा विश्वचषक जिंकणारा गोलकीपर गॉर्डन बँक्स तेव्हा इथल्या लेस्टर सिटी क्लबचा होता. पण संघात इथेच जन्मलेला पीटर शिल्टन नावाचा पोरगा गोलकीपर म्हणून तयार होत होता, आणि पुढच्याच वर्षी क्लबने बँक्सला स्टोक क्लबला विकून टाकलं. जगज्जेता विकला! आमच्या शेजाऱ्याला याचा राग आजही आहे. १९७० च्या विश्वचषकात मेक्सिकोत पेलेचा जमिनीकडे मारलेला हेडर बँक्सने झेपावून बारवरून कसा उडवला, हे तो चहाचा कप खाली ठेवून हाताने करून दाखवतो. सामना ब्राझीलने १-० जिंकला, हे मात्र सांगत नाही. पुढे उपांत्यपूर्व सामन्याला बँक्सचं पोट बिघडलं, तो खेळू शकला नाही आणि २-० ने पुढे असलेला इंग्लंड पश्चिम जर्मनीकडून ३-२ हरला. हे पोटप्रकरण तुम्ही आयुष्यभर ऐकणार आहात, आत्तापासून सवय करा. १९८६ मध्ये मॅराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने केलेल्या गोलचा विषय मात्र गमतीत काढू नका. तेव्हा गोलमध्ये शिल्टनच होता.

कुणी सहाच महिन्यांत 'इथले लोक परक्याला जवळ करत नाहीत' म्हणालं की मी ट्राउटमनचं नाव घेतो. बर्ट ट्राउटमन हा गोलकीपर मूळचा जर्मन छत्रीधारी सैनिक, दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून इंग्लंडात आला. १९४९ मध्ये मँचेस्टर सिटीने त्याला घेतलं तेव्हा लोक विरोधात रस्त्यावर उतरले. १९५६ च्या एफए कप या इंग्लंडातल्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात तो मान मोडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत खेळला, सिटी ३-१ जिंकली, आणि मोडलेल्या मानेचं निदान काही दिवसांनी झालं. त्याच वर्षी तो वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटूही ठरला. तुम्ही मान मोडून घ्यायची गरज नाही, थोडा धीर धरा.

आता तिकीट. तिकीट फक्त क्लबच्या स्वतःच्या वेबसाइटवरून. परत सांगतो, फक्त क्लबच्या वेबसाइटवरून. ओळखीच्या ओळखीतून, समाजमाध्यमावरून, स्टेडियमबाहेर उभ्या माणसाकडून नाही. माझे १४० पाउंड असेच गेले. बायको आणि मुलगी पावसात भिजत होत्या, गेटवर मशीन लाल दिवा दाखवत होतं, विकणाऱ्याचा फोन बंद. क्लबच्या परवानगीशिवाय तिकीट विकणं इथे १९९४ पासून गुन्हा आहे. पण त्यामुळे आपले पैसे परत येत नाहीत. गेल्या हिवाळ्यात एका नागपूरकर मुलाला मी हे दोनदा सांगितलं, तरी त्याने बाहेरूनच घेतलं. मग माझ्याकडेच रडत आला.

बाहेरगावच्या संघाचे चाहते असाल तर घरच्या संघाच्या बाकांवर बसून ओरडू नका. बिअर जागेवर न्यायची नाही. शनिवारी दुपारी ३ चे सामने इथे टीव्हीवर थेट दाखवत नाहीत, सेट बिघडला म्हणून माणूस बोलवू नका.

ज्यांना मुली असतील त्यांना इंग्लंडच्या महिला संघाची गोलकीपर हॅना हॅम्प्टन माहीतच असेल. २०२५ च्या महिलांच्या युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या दोन पेनल्टी तिने अडवल्या. तेव्हापासून आमच्या कन्येलाही गोलमध्येच उभं राहायचंय. हातमोजे महागाचे घेऊ नका, सहा महिन्यांत लहान होतात.