‘आज मूड नाही’ म्हणणाऱ्या क्लायंटचं काय करायचं?

पैसे भरलेत, बूट नवे कोरे आहेत, सकाळी सातला माणूस समोर उभा आहे आणि म्हणतो, “मॅडम, आज नको ना.” पुण्यात कोथरूडच्या जिममध्ये पीटी, म्हणजे पर्सनल ट्रेनिंग, करते मी, हे वाक्य रोजचंच आहे. नवीन ट्रेनर पोरं-पोरी यावर एकच औषध देतात, भाषण. ‘नो पेन नो गेन’पासून सुरू होतं ते ‘निदान मुलांसाठी तरी करा’पर्यंत जातं. माझ्या हाताखाली शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते की बाबा, तोंड आवर. अडून बसलेला क्लायंट बहुतेक वेळा ट्रेनरच्या बडबडीमुळे आणखी अडून बसतो.

हे माझं डोकं नाही. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये दारूच्या व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांशी कसं बोलावं यावर लिहिलं, पुढे स्टीफन रोलनिक त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी ती पद्धत वाढवली. मुद्दा साधा आहे. माणसाच्या मनात ‘करावं’ आणि ‘नको’ दोन्ही असतं. तुम्ही ‘करा, करा’ म्हणत सुटलात की त्याच्या वाट्याला ‘नको’ची बाजू उरते आणि तो ती जोरात लढवतो. वाद तुम्ही जिंकता, पण पुढच्या सोमवारी तो येत नाही.

पण आधी हे तपासा

कुणाला आळशी म्हणण्याआधी त्याने भरलेला आरोग्याचा फॉर्म काढून बघा. थायरॉइड आहे का, रक्तदाबाची गोळी कोणती, झोप किती तास, मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, शेवटचं हिमोग्लोबिन किती होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय महिलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे दुसऱ्या सेटला धाप लागून बाकावर बसणारी बाई ‘नाटकं’ करत असण्यापेक्षा तिचं रक्त कमी असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. आपण डॉक्टर नाही, निदान करायचं नाही. “फॅमिली डॉक्टरांना एकदा दाखवा, रिपोर्ट मला सांगा,” एवढंच म्हणायचं आणि तोवर हलकं करून घ्यायचं.

उपासाच्या दिवशी तर दुप्पट लक्ष. संकष्टीला सकाळपासून चहावर असलेला आणि मधुमेहाची गोळी घेतलेला क्लायंट “आज जमत नाहीये” म्हणाला, तर त्याला चिअर करू नका. हात थरथरतायत का, घाम विचित्र येतोय का, बोलताना अडखळतोय का ते बघा. काही गोळ्या अशा असतात की उपाशीपोटी व्यायाम केला तर साखर धोकादायक खाली जाते. यातलं काही दिसलं तर लगेच बसवा आणि साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून द्या. उपास मोडेल म्हणून तो नको म्हणेल, तरी द्या. 10-15 मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या, घरी फोन करा, डॉक्टरांना गाठा. शुद्ध हरपत असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, सरळ ॲम्ब्युलन्स. छातीत दुखणं आणि चक्कर यांचंही तसंच. तिथे मोटिव्हेशनचा प्रश्नच येत नाही.

चार का? दोन का नाही?

आता खरा कंटाळलेला क्लायंट. माझ्याकडे हिंजवडीत काम करणारे एक सर यायचे. चाळिशी ओलांडलेली, शुगर सीमेवर, पॅकेजचे पैसे बायकोने भरलेले. हा प्रकार ओळखून ठेवा. जो स्वतः आलेला नसतो, पाठवलेला असतो, तो तुम्हाला घरच्यांच्या पार्टीतला समजतो. वॉर्मअपलाच त्यांचं घड्याळ बघणं सुरू.

मी विचारलं, “सर, शून्य ते दहामध्ये सांगा, हे सगळं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? वहिनींना नाही, तुम्हाला.”

“चार. खरं सांगतो.”

“बरं. मग दोन का नाही म्हणालात?”

ते गप्प झाले. ‘आठ का नाही’ याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. मीटिंगा, ट्रॅफिक, गुडघा. दोन का नाही, याचं नव्हतं. मग म्हणाले, “मुलीबरोबर सिंहगडला गेलो होतो. आतकरवाडीच्या वाटेने. अर्ध्यात मी बसलो. ती म्हणाली, बाबा तुम्ही थांबा. वर जाऊन भजी खाऊन, ताक पिऊन ती खाली आली, मी तिथेच.”

इथे नव्या ट्रेनरची जीभ वळवळते. ‘बघा सर, म्हणूनच तर...’ चावा ती जीभ. मी एवढंच विचारलं, “दिवाळीच्या सुट्टीत परत जायचंय?” हो म्हणाले. त्या दिवसापासून कागदावर ‘वजन कमी करणे’ खोडून ‘सिंहगड, न बसता’ लिहिलं आणि व्यायामही तसा बदलला. बॉक्सवर स्टेप-अप, चढाच्या ट्रेडमिलवर चालणं, नंतर पाठीवर सॅक घेऊन तेच. घड्याळ बघणं पूर्ण थांबलं असं नाही हां. कमी झालं. आणि बघितलं तरी पुढचा सेट चालू ठेवायचे.

ही युक्ती रोज वापरायची नाही. महिन्यातून एकदा, सेशनच्या आधी, बाजूला बसून. सेट चालू असताना धापा टाकणाऱ्या माणसाला आकडे विचारले तर शिव्या मिळतील.

दहा मिनिटांचा सौदा

रोजच्या ‘मूड नाही’ला माझं उत्तर ठरलेलं आहे. “ठीक आहे, फक्त वॉर्मअप करू. दहा मिनिटांनी तुम्हाला घरी जायचं असेल तर जा, सेशन कापणार नाही.” आणि तो खरंच निघाला तर जाऊ द्यायचं. शब्द पाळलात तरच पुढच्या वेळी सौदा चालतो. बहुतेक लोक अंग गरम झाल्यावर थांबतात. थांबले की ठरलेल्यापेक्षा एक सेट कमीच घ्या, वजन कालचंच ठेवा. ‘आता आलाच आहात तर’ म्हणून प्लँक वाढवलात की फसवलं गेल्यासारखं वाटतं त्यांना.

जोर किती लावून घ्यायचा याला मशीन नको. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, म्हणजे मध्यम. वजनाच्या सेटनंतर विचारा, “अजून किती वेळा उचलता आलं असतं?” नवख्याने तीन-चार म्हटलं की बरोबर चाललंय.

पहिले दोन आठवडे तर मुद्दाम सोपे ठेवा. पहिल्याच दिवशी बर्पी आणि शंभर स्क्वॉट घेऊन ‘वाट लावली’ अशी शेखी मिरवणारे ट्रेनर मला अजिबात आवडत नाहीत. नव्या व्यायामाचं दुखणं लगेच येत नाही, साधारण 24 ते 72 तासांत चढतं. म्हणजे मंगळवारी जिममध्ये हसत गेलेल्या काकू गुरुवारी सकाळी भारतीय बैठकीच्या संडासातून भिंत धरून उठतात. त्या परत कशाला येतील?

भिंतीवर जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस असते, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम. कंटाळलेल्या क्लायंटला ती वाचून दाखवू नका. त्याच शिफारशीत असंही म्हटलंय की काहीच न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं. दाखवायचंच असेल तर ते दाखवा.

काही नमुने

‘आमच्या वेळी’वाले काका. रोज पर्वती चढायचो, आम्हाला काय शिकवता, ही त्यांची सुरुवात. खोडून काढू नका. “काका, 103 पायऱ्या किती वेळात व्हायच्या तेव्हा?” असं विचारा, रंगतात एकदम. मग खुर्ची आणा. हात छातीवर बांधून 30 सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा आणि त्यांच्याच हाताने वहीत लिहायला लावा. महिन्याने परत. स्वतःच्या आकड्याशी भांडायला या पिढीला फार आवडतं.

वजनकाट्याच्या वेड्या. रविवारी लग्नात जेवल्या, सोमवारी सव्वा किलो वाढलं, बुधवारपासून गायब. त्यांना सांगा, ग्लायकोजेन म्हणजे शरीरात साठवलेली साखर, तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर शरीर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं, वर लोणच्या-पापडाचं मीठ. एका जेवणात सव्वा किलो चरबी चढत नाही. तरीही ऐकत नसतील तर काटा महिनाभर बंद, कमरेचं माप टेपने.

इन्स्टावरून शिकून आलेला. एक व्यायाम त्याच्या पसंतीचा घ्या, शेवटी. बाकी तुमचे. भांडण संपलं.

गप्पिष्टांवर वेळ घालवत नाही, गप्पा विश्रांतीच्या दीड मिनिटात, बस.

न येणाऱ्याला काय पाठवायचं

‘काल दिसला नाहीत!’ असा मेसेज कधीही नको, वर ते रडके इमोजी. आधीच अपराधी वाटत असतं, त्यात तुम्ही हजेरी घेता. गणपतीनंतर दोन आठवडे न आलेल्या काकूंना मी असं लिहिते: “काकू, गुरुवारी सातला मी आहे. गुडघा दुखत असेल तर बसून हाता-खांद्यांचं करू, अर्धा तास. येताय का?” दिवस, वेळ आणि नेहमीपेक्षा कमी काम. मोदकांचा विषय त्यांनी काढला तर हसायचं, आपण काढायचा नाही. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एक फोन, त्यानंतर थांबायचं.

श्रावण, गणपती, दिवाळी, लग्नसराई यात हजेरी घटणार हे गृहीत धरा. जुलैतच विचारून ठेवा, “सणांत आठवड्यातून किती दिवस नक्की जमेल?” एक म्हणाले तर एक.

नियम मात्र कागदावर

मऊ बोलायचं म्हणजे लोळण घ्यायची नाही. रद्द करायचं तर आदल्या रात्रीपर्यंत कळवा, उशिरा आलात तरी सेशन ठरल्या वेळी संपेल, फोन लॉकरमध्ये. पैसे घेण्याआधी हे वाचून दाखवा, सही घ्या. व्यायाम करण्याची ढब सुधारताना प्रत्येक वेळी “हात लावू का?” विचारा, आणि क्लायंटनेही तुमच्याशी अंतर राखूनच वागायला हवं. मुलींना मुद्दाम सांगते, कुणी चावट बोललं, रात्री उगाच मेसेज केले, तर त्याला ‘अवघड क्लायंट’ समजून सांभाळत बसू नका. स्क्रीनशॉट काढा, मॅनेजरला लेखी द्या, त्याचं सेशन घेणं बंद करा. रिन्यूअलचं टार्गेट गेलं खड्ड्यात.

आणि काही जोड्या जमतच नाहीत. दोन-तीन महिने सगळं करून बघितलं, तरी तो येतो तेव्हा तुमचंच तोंड वाकडं होत असेल, तर स्पष्ट बोला: “माझी पद्धत तुम्हाला मानवत नाहीये असं दिसतंय. दुसऱ्या ट्रेनरबरोबर दोन सेशन करून बघता का?” उरलेल्या सेशनचं काय, परतावा की वळतं करायचं, ते त्याच दिवशी रिसेप्शनवर लिहून घ्या. त्याची दुखणी, औषधं, मापं लिहिलेली वही त्याला विचारून नव्या ट्रेनरच्या हातात द्या. नाहीतर बिचाऱ्याला गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सगळं पुन्हा सांगत बसावं लागतं.