पहिल्या तोंडी परीक्षेत मला टनानं बुडवलं

सारंगाच्या, म्हणजे लाँच चालवणाऱ्या कप्तानाच्या, परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी लिहितोय. बोया, दिवे, भोंग्याचे इशारे पाठ आहेत असं धरतो. नसतील तर आधी ते उरका.

परीक्षकांनी मला विचारलं, "गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर बंदराचा पायलट का चढत नाही?" पायलट म्हणजे जहाजावर चढून बंदरातली वाट दाखवणारा माणूस.

"साहेब, दोनशे टनांच्या आत असते."

"आणि रविवारी फुल्ल भरली तर?"

मी मनात हिशेब मांडला. दीडशे माणसं, माणशी साठ किलो, म्हणजे नऊ टन. "थोडी वाढेल साहेब, पण दोनशेच्या आतच राहील." त्यांनी फाइल मिटली.

१९०८ च्या बंदर कायद्याचं ३१ वं कलम वाचा. २०२५ मध्ये नवा कायदा आलाय, पण ही भानगड समजायला जुनंच कलम बरं. ज्या बंदरांना ते लागू केलंय तिथे दोनशे टन आणि त्यावरच्या जहाजाला पायलट सक्तीचा. हा टन वजनाचा नाही, मापाचा. पूर्वी जहाजात दारूची किती पिंपं मावतात ते मोजायचे, त्या पिंपाच्या नावावरून हा शब्द आला. रजिस्टर टन म्हणजे शंभर घनफूट जागा. आता १९६९ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं सूत्र वापरतात: बंदिस्त जागा ३०० घनमीटर असेल तर ग्रॉस टनेज, म्हणजे बोटीचं एकूण माप, ७५ च्या आसपास येतं. यात माणसं कुठे आली? नाहीच आली. लाँच रिकामी असो की रविवारची खच्चून भरलेली, टनेज तेच. उलट मालकानं वरच्या उघड्या डेकला पक्क्या भिंती घालून एसी केबिन केली, तर एकही प्रवासी न वाढता टनेज वाढतं आणि फेरमोजणी करावी लागते. पुन्हा सांगतो, कारण मी दोनदा वाचूनही चुकलो होतो: वजन विसरा, जागा मोजा.

आणि दोनशेच्या आत आलात की सुटलात असंही नाही. इंजिनाच्या बोटीला दोनशेखालीही पायलटशिवाय हलायचं तर कॉन्झर्व्हेटरची, म्हणजे बंदराच्या अधिकाऱ्याची, लेखी परवानगी हवी, असं त्याच कलमात आहे. सूट कागदानं मिळते. धक्क्यावर कोणालाही विचारा, "लहान बोटीला पायलट लागत नाही" एवढंच सांगतील.

मला हे चुकीचं शिकवलं ते आमच्या तांडेलमामांनी. माणूस देव. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, अष्टमीला सहा वाजता, हे बोटांवर सांगायचे आणि पाणी त्यांचं ऐकायचं. पण टनेजला ते जन्मभर 'वजन' म्हणाले. मामांकडून पाणी शिका, कायदा पुस्तकातून शिका. पाऊणपटीचा हिशेबही अंदाजापुरताच, खिशात भरतीचं कोष्टक हवंच. 'हमखास वीस प्रश्न'वाल्या झेरॉक्सवर मात्र पैसे घालवू नका, त्यातही टन किलोतच होता.

घाबरू नका, टन कळला की निम्मी तोंडी पार पडते. घाबरायचं ते पुढे. पायलट नाही म्हणजे पायलटचं काम तुमच्या डोक्यावर. खलाशी असताना एकदा सारंगानं सुकाणू माझ्या हाती दिलं. समोरून मोठं जहाज येत होतं, वर अर्धा पांढरा अर्धा लाल झेंडा, म्हणजे पायलट चढलेला. मला वाटलं, चॅनल, म्हणजे मोठ्या जहाजांची खोल वाट, ओलांडून होईल. जहाजानं पाच आखूड भोंगे दिले. तुम्ही काय करताय ते कळत नाही, असा त्याचा अर्थ. सारंगानं मला ढकलून सुकाणू घेतलं, बोट मागे वळवली. जहाज गेल्यावर त्याच्या लाटेत आमचा चहाचा थर्मास डेकवर गडगडत होता आणि मला तो उचलायला वाकता येत नव्हतं. समुद्रात टक्कर टाळायच्या नियमांतला नववा नियम तेव्हा कळला: वीस मीटरखालच्या बोटीनं अरुंद चॅनलमध्ये अशा जहाजाची वाट अडवायची नाही.

दुसऱ्या तोंडीला तेच परीक्षक होते. त्यांनी लाँच भरल्याचा प्रश्न विचारला नाही. एसी केबिनचा विचारला.