घरच्या कामासाठी थिकनेस प्लॅनर: कोकणच्या हवेत निवड आणि वापर

थिकनेस प्लॅनर फळीची जाडी सारखी करतो, फळी सरळ करत नाही. वाकलेली फळी रोलरखाली दाबली जाऊन तेवढ्यापुरती सपाट होते, पाती वरून तासतात, आणि बाहेर पडल्यावर ती पुन्हा उसळते. जाडी कमी होते, बाक मात्र तसाच राहतो. त्यामुळे एक बाजू आधी रंध्याने सपाट करायची, किंवा फळी स्लेडवर, म्हणजे तिच्यासोबत मशीनमधून जाणाऱ्या सपाट पाटावर, बसवायची.

स्लेड घरीच होतो. १८ मिमी प्लायची, फळीपेक्षा थोडी लांब पट्टी घ्या आणि पुढच्या टोकाला एक ठोकळा स्क्रूने बसवा, म्हणजे रोलरने ओढलेली फळी स्लेडवरून पुढे सरकणार नाही. ठोकळा फळीपेक्षा बराच बुटका हवा आणि स्क्रू खालून मारलेले हवेत, नाहीतर पाती त्यावर आदळतील. फळीची खोलगट बाजू खाली ठेवा. पीळ असेल तर डगमगणाऱ्या कोपऱ्यांखाली पाचरी सरकवा आणि गरम गोंदाने चिकटवा. वरची बाजू पूर्ण साफ झाली की स्लेड काढा, फळी उलटा आणि दुसरी बाजू थेट मशीनमधून काढा.

मशीन निवडताना रुंदी, पाती आणि वजन पाहा. घरगुती मशीन साधारण १२ ते १३ इंची असतात. मकिताचं २०१२एनबी ३०४ मिमी रुंदीचं, १६५० वॅटचं, साधारण २८ किलोचं आहे. पडवीत काढून पुन्हा आत ठेवायचं असेल तर याहून जड घेऊ नये. दोन्ही बाजूंनी धार असलेली, उलटून बसवता येणारी पाती सोयीची, कारण धार लावणारा जवळ मिळेलच असं नाही. जादा संच मशीनबरोबरच घ्या. परदेशातून कुणी मशीन आणत असेल तर पाटीवर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलंय ना, ते आधी विचारा. अमेरिकेतलं १२० व्होल्टचं मशीन इथे मोठ्या ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही. आणि वर्षाला एखादंच टेबल करणार असाल तर मशीन घेऊच नका. गावातल्या वखारीत किंवा फर्निचरवाल्याकडे मजुरी देऊन फळ्या काढून घेणं स्वस्त पडतं.

१६५० वॅट म्हणजे सात अँपिअरच्या वर. सहा अँपिअरचं साधं सॉकेट त्याला पुरत नाही. अर्थिंग असलेलं १६ अँपिअरचं हवं आणि एक्स्टेन्शनची तार २.५ चौ.मिमी तांब्याची. गावात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. मशीन चालू असताना मल्टिमीटरवर २०० च्या खाली दिसलं तर काम थांबवा. मोटर दमते, तापते, आणि कार्बन ब्रश लवकर झिजतात.

इथली खरी अडचण ओलाव्याची आहे. पावसाळ्यात खोलीतलं लाकूडसुद्धा १६ ते १८ टक्क्यांपर्यंत ओलावा धरतं. जुलैत नेमक्या जाडीला आणलेली फळी उन्हाळ्यात आकसते, कधी पिळते. तुळशीच्या लग्नापासून मृगापर्यंतचा काळ या कामाला चांगला. ओलावा मापकावर १२ टक्क्यांच्या आसपास दिसलं की अखेरचा हात मारा. आधी दोन्ही बाजूंनी सारखंच काढून पाऊण सूत (साधारण अडीच मिमी) जास्त ठेवा, मध्ये पट्ट्या घालून फळ्या दोन-तीन दिवस रचून ठेवा, मग मापाला आणा. सगळं एकाच बाजूने काढलं तर फळी वाटीसारखी वळते.

पाडलेल्या कौलारू घराचे वासे, रिपा, चौकटी यांतलं सागवान किंवा ऐन उत्तम असतं, पण त्यात तुटलेले खिळे दडलेले असतात. एक खिळा पात्याला खाच पाडतो आणि मग प्रत्येक फळीवर उंच रेघ उठते. तारेच्या ब्रशने माती-चुना झाडा, मेटल डिटेक्टर फिरवा, गंजाचे काळे डाग कोरून पाहा. जुना ऑइल पेंट मशीनमध्ये घालू नका. त्यात शिसं असू शकतं.

फळी घालताना कडेवरच्या शिरा पाहा. त्या तुमच्याकडे येताना वर चढत असाव्यात. हातरंधा ज्या टोकापासून सुरू केला असता, ते टोक आधी आत जावं. उलट घातली तर ढलप्या उपटून खड्डे पडतात. चार इंची सागवानातून एका फेरीत एक-दीड मिमी निघतं, पण बारा इंची रुंदीला अर्ध्या मिमीवर थांबा. फणसाच्या शिरा उलटसुलट असतात, तिथे ०.३ मिमी घ्या आणि वरून ओलसर फडका फिरवा. सागात सिलिका असल्याने पाती लवकर बोथटतात. आवाज जड झाला, फळी अडखळू लागली, की पाती बदलायची वेळ आली.

फळीच्या दोन्ही टोकांना दोन-तीन इंचांच्या लांबीत जास्त तासलं जाणं ही नेहमीची तक्रार. त्या वेळी फळी एकाच रोलरखाली असते आणि टोक वर उचललं जातं. फळी आत घालायच्या आणि बाहेर येण्याच्या टेबलांच्या बाहेरच्या कडा नाण्याच्या जाडीइतक्या वर ठेवा, लांब फळीचं मागचं टोक आत शिरताना हलकं उचला, आणि शक्य तिथे लाकूड तीन-तीन इंच जास्त घ्या. नाहीतर एकामागोमाग फळ्या टोकाला टोक लावून सोडा. एक फुटाहून आखूड तुकडा मशीनमध्ये घालू नये. दोन रोलरमध्ये अडकून तो उसळतो.

चष्मा, कानाला मफ, नाकाला एन-९५ लावा. सागाचा आणि आंब्याचा भुसा कातडीला खाजवतो. ढलप्या इतक्या निघतात की घरगुती व्हॅक्यूमचा अरुंद पाइप तुंबतो. चार इंची पाइपचा, भुसा ओढून घेणारा कलेक्टर नसेल तर मशीनचं ढलप्या बाहेर टाकणारं तोंड उघडं ठेवून उघड्यावर चालवा.

काम झालं की प्लग काढा, टेबलावर मेणबत्तीचं मेण घासा, पात्यांना मशीन ऑइलचा पुसटसा हात द्या. खोबरेल नको, लाकडाला डाग पडतात. सिलिकॉनचा स्प्रेही नको, पुढे पॉलिश धरत नाही. रबरी रोलरवरचा चीक साबणाच्या फडक्याने पुसा, थिनरने रबर फुगतं. खाऱ्या हवेत मशीन प्लास्टिकने झाकलं तर आत घाम धरतं. सुती चादर घाला आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा दोन मिनिटं रिकामं चालवा.