उचल घेण्याआधी वही काढा

ऊसतोडीला आम्हाला कुणी धरून नेलं नव्हतं. दसऱ्याआधी तोडीला माणसं नेणारा मुकादम ओट्यावर येऊन बसायचा, नवरा उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मोजून घ्यायचा, मी चहा टाकायची. दमदाटी नाही, काही नाही. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे अकरा हंगाम ऊस तोडल्यावर कळलं, आपली मर्जी त्या चहापुरतीच. म्हणून यंदा जाणार असाल तर आधी हिशोब उलटा मांडा.

उचल किती मिळते ते नंतर. ती किती दिवसांत फिटेल? समजा लाखाची उचल, टनाला ३६६ रुपये, एका कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, रोजची तोड दोन टन. दिवसाला झाले ७३२. लाख फिटायला १३७ दिवस, तेही एक खाडा न होता. पाऊस आला, गाडी फडात रुतली की गेलं. पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि अंगावर बाकी राहिली, तर पुढच्या वर्षी मुकादम तोच, दरही तो सांगेल तो. शंभर दिवसांत फिटेल तेवढीच घ्या. घरात लग्न काढलेलं असलं की हे कडू लागतं. माझ्या नणंदेच्या लग्नाची उचल आम्ही तीन हंगाम फेडत होतो.

कोऱ्या स्टँपवर अंगठा नको. रक्कम, दर आणि खाड्याचा दंड लिहून घ्या, फोटो काढा. दंडाचं आधीच बोला. एकदा नवरा तापानं तीन दिवस पडून होता. मी धडधाकट होते, पण खाडे आम्हा दोघांचे धरले. नवरा-बायको मिळून कोयता एकच ना! म्हणून बायांनो, अर्धे पैसे स्वतःच्या खात्यावर मागा. हसतील. मागा.

फडात वही ठेवा: तारीख, गाडीचं वजन, खाडा, आठवड्याची खर्ची, म्हणजे खर्चाला मिळालेले पैसे. काट्याच्या पावतीचा फोटो त्याच संध्याकाळी काढायचा.

आणि मनात एकदा विचारून बघा, उद्या कोपी, म्हणजे फडातली झोपडी, मोडून घरी निघाले तर काय होईल? ‘हिशोब करून जा’ म्हणाले तर ठीक. पण पैसे फिटल्याशिवाय सोडत नसतील, पोराला ठेवून घेतलं, तर ती वेठबिगारी. १९७६ च्या कायद्यानं असलं कर्ज फेडावं लागत नाही, आणि ते कर्ज वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते. ‘तुम्हीच अंगठा दिलात’ म्हणतील. पोटासाठी किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबणं हीसुद्धा सक्तीच, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ साली दिल्लीतल्या एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात सांगून ठेवलंय.

असं अडवलं तर फड ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा प्रांताकडे लेखी अर्ज द्या. सोबत वहीच्या पानांची झेरॉक्स जोडा, मूळ वही देऊ नका. पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून.