करार संपायच्या आधी घरचं इंटरनेट बदलायचंय? आधी हे करा

इंटरनेट सारखं अडखळायला लागलं की हात पहिल्यांदा फोनकडे जातो, ‘बंद करा तुमचं कनेक्शन’ सांगायला. तो फोन सगळ्यात शेवटी करायचा असतो. या कामात नुकसान होतं ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

राउटरला लॅन केबलने लॅपटॉप जोडा, बाकी सगळी उपकरणं वायफायवरून काढा आणि स्पीड टेस्ट करा. सकाळी एकदा, रात्री गर्दीच्या वेळी एकदा, असं चार-पाच दिवस. आकडे आणि वेळ लिहून ठेवा, स्क्रीनशॉट काढा. केबलवर वेग नीट आणि बेडरूममध्ये रडारड असेल, तर दोष वायफायचा आहे. राउटर टीव्हीमागच्या कपाटातून बाहेर काढून उंचावर ठेवा, जवळच्या खोलीत ५ गिगाहर्ट्झचा बँड (वायफायचा जास्त वेगाचा, पण कमी पल्ल्याचा पट्टा) वापरा. कंपनी बदलून भिंती पातळ होत नाहीत.

एक बारीक खूण सांगतो. प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा (म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट) आणि केबलवरचा आकडा दर वेळी ९४-९५ वरच अडकत असेल, तर संशय वायरवर घ्या. केबलमधल्या आठ तारांपैकी चारच नीट जोडलेल्या असतील किंवा लॅपटॉपचं पोर्ट जुनं असेल, तर जोडणी १०० वरच थांबते. दुसरी केबल लावून बघा, कदाचित पुढचं सगळं वाचायची गरजच पडणार नाही.

आणि हो, एमबीपीएसमधलं ‘बी’ बिटचं आहे. डाउनलोड मेगाबाइटमध्ये दिसतं आणि आठ बिटांचा एक बाइट होतो, त्यामुळे १०० एमबीपीएसवर सेकंदाला साधारण साडेबारा मेगाबाइट दिसले तर कुणी फसवलेलं नाही.

करारातली चार कलमं

ईमेलमधून करार शोधून काढा. मिळत नसेल तर कंपनीकडून लेखी मागा, फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. चार गोष्टी बघायच्या: लॉक-इन (ज्या काळात कनेक्शन सोडलं तर दंड लागतो तो) नेमकं कोणत्या तारखेला संपतं, आधी सोडल्यास किती द्यावं लागतं, नोटीस किती दिवसांची, आणि राउटर कुणाच्या मालकीचा.

दंड सगळीकडे सारखा नसतो. कुठे उरलेल्या महिन्यांचं भाडं किंवा त्याचा काही भाग घेतात. कुठे सुरुवातीला दिलेली सूट परत मागतात, म्हणजे ‘फुकट’ म्हणून केलेलं इन्स्टॉलेशन आता बिलात येतं. आगाऊ पैसे भरले असतील तर वेगळा दंड नसेलही, पण उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात का हे विचारा. सेवा वारंवार बंद पडत असेल किंवा कंपनीने मध्येच दर वाढवले असतील, तर दंडाशिवाय बाहेर पडायचं कलम आहे का तेही पाहा. तिथे तुमचे स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक कामी येतात. ‘चार वेळा फोन केला होता’ एवढ्याने काही होत नाही.

हिशेब फक्त उरलेल्या महिन्यांचा

इथे भलेभले चुकतात. समजा करार १२ महिन्यांचा, त्यातले ७ झाले, ५ उरले. दंड दोन महिन्यांच्या भाड्याएवढा आणि नवा प्लॅन पाव भाड्याने स्वस्त. लोक हिशेब करतात तो असा: वर्षाला तीन महिन्यांचं भाडं वाचेल, दंड दोनच, म्हणजे एक महिन्याचा फायदा. पण पाच महिन्यांनी तुम्ही दंड न भरताही जाऊ शकताच. म्हणून मोजायची ती या पाच महिन्यांतली बचत, म्हणजे सव्वा महिन्याचं भाडं. दोन देऊन सव्वा वाचवणं हा तोट्याचा सौदा झाला. पैशासाठीच बदलत असाल तर थांबा. रोजचं काम अडत असेल तर गोष्ट वेगळी, मग दंड ही त्याची किंमत समजा.

काही कंपन्या जुन्या कंपनीचा दंड भरून देतो म्हणतात. तो हातात रोख मिळतो की पुढच्या बिलांतून वळता होतो, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रं लागतात, हे लेखी घ्या. अंतिम बिल जपून ठेवा.

नवं आधी, जुनं नंतर

नव्या कंपनीची वायर तुमच्या इमारतीपर्यंत खरंच येते का, हे शेजाऱ्यांना विचारा. ‘मिळेल’ आणि ‘आहे’ यांत कधीकधी दोन आठवड्यांचं अंतर असतं. जोडणी झाल्यावर दोन्ही कनेक्शन आठवडाभर शेजारी शेजारी चालू द्या. थोड्या दिवसांचं दुहेरी भाडं जातं, पण इंटरनेटविना बसावं लागत नाही.

नव्या राउटरवर वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवा, अगदी अक्षर न् अक्षर. मात्र दोन्ही राउटर एकदम चालू असताना हे करू नका, नाहीतर कोणता फोन कुठे जोडलाय तेच कळणार नाही. जुना बंद करायच्या दिवशी नाव बदला. मग टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा बहुधा आपसूक जोडले जातात.

जुन्या कंपनीने दिलेला ईमेल पत्ता किंवा लँडलाइन नंबर वापरात असेल तर आधी त्याची सोय लावा. बँकेत तोच ईमेल दिलेला असेल तर पंचाईत होते. नंबर नव्या कंपनीकडे नेता येतो का ते आधी विचारा, येत असेल तर जुनी लाइन चालू असतानाच अर्ज करा.

आता तो फोन

खरं तर फोन नव्हे, ईमेल किंवा अ‍ॅपवरून विनंती. त्यात ग्राहक क्रमांक आणि बंद करायची तारीख लिहा आणि पोच घ्या. मग थांबवायला खास माणसाचा फोन येईल, अचानक स्वस्त दर निघेल. दर पटला तर घ्या, पण त्यासोबत नवं लॉक-इन सुरू होतं का ते त्याच वाक्यात विचारा.

राउटर परत करण्याआधी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्यातली तुमची सेटिंग आणि पासवर्ड पुसले जातात. मागच्या बाजूच्या सीरियल नंबरचा, अडॅप्टरचा आणि भिंतीवरच्या फायबरच्या डबीचा फोटो काढा. न्यायला आलेल्या माणसाकडून पावती घेतल्याशिवाय काही देऊ नका. अडॅप्टर राहिला म्हणून डिपॉझिटमधून कापलेले पैसे मी स्वतः भोगलेत, आणि अडॅप्टर मी दिला होता हे सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

अंतिम बिल भरलं, ‘काही येणं नाही’ असं लेखी आलं, की मग बँकेतली ऑटो-डेबिटची परवानगी रद्द करा. त्याआधी रद्द केली तर थकबाकीची पत्रं येतात. विसरलात तर बंद कनेक्शनचं भाडं दर महिन्याला कटत राहू शकतं, आणि ते लक्षात यायला बराच काळ जातो.