फोन उपग्रहात बसवताना या चुका टाळा

फोंड्यातील आमच्या विद्यार्थी-गटाने जुन्या अँड्रॉइड फोनभोवती लघुउपग्रहाचे प्रारूप जुळवले, तेव्हा रात्रभराची पहिलीच चाचणी मध्येच बंद पडली. बॅटरी पूर्ण उतरल्याने फोन बंद झाला होता आणि सौरपट्ट्यांऐवजी जोडलेल्या वीजपुरवठ्यावर तो पुन्हा चार्जही होत होता. परंतु चार्जिंगचे चित्र दाखवत तो कोणीतरी बटण दाबण्याची वाट पाहत राहिला. फोन हा माणसाच्या हातात राहण्यासाठी घडवलेला संगणक आहे, ही गोष्ट आम्ही विसरलो होतो.

फोनवर नजर ठेवणारे वॉचडॉग फोनमध्येच ॲप म्हणून चालवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण फोन गोठला की ते ॲपही गोठते. नासाच्या एम्स केंद्राचे अलेक्झांडर, ग्रॅहम आणि बेल हे फोनसॅट, म्हणजे फोनवर चालणारे लघुउपग्रह, २१ एप्रिल २०१३ रोजी कक्षेत गेले. त्या प्रकल्पात फोनचे संदेश थांबल्यास तो पुन्हा सुरू करणारे वेगळे सर्किट होते. असे सर्किट फोनच्या पॉवर बटणाच्या तारांना जोडावेच, पण त्याला फोनचा वीजपुरवठा तोडण्याचीही सोय द्यावी. अवकाशातील प्रारणामुळे (रेडिएशनमुळे) स्मृतीतील एखादा बिट उलटला तर रीस्टार्ट पुरतो; चिपमध्ये लॅच-अप, म्हणजे आतल्या आत शॉर्टसर्किटसारखी स्थिती, होऊन जास्त प्रवाह वाहू लागला, तर वीज तोडल्याशिवाय तो थांबत नाही.

टेबलावर पंख्याखाली फोन थंड राहिला म्हणून निश्चिंत होऊ नये. निर्वातात हवा उष्णता वाहून नेत नाही. म्हणून प्रोसेसरपासून ॲल्युमिनियमच्या सांगाड्यापर्यंत उष्णता वाहून नेणाऱ्या थर्मल पॅडची सलग वाट लागते. थंडीचा धोका बॅटरीला अधिक असतो. लिथियम-आयन बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचून ती कायमची बिघडते, त्यामुळे तिचे तापमान पाहूनच चार्जिंग सुरू करावे.

मोबाइल नेटवर्कवर विसंबणे तर सोडूनच द्यावे आणि स्वतंत्र रेडिओ प्रेषक (ट्रान्समीटर) बसवावा. अनेक जीपीएस चिप सेकंदाला सुमारे ५१५ मीटरपेक्षा अधिक वेगात स्थान देणे थांबवतात, आणि खालच्या कक्षेतील वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक असतो. म्हणून कक्षेतील स्थानासाठीही फोनच्या जीपीएसवर भिस्त ठेवू नये.

गोव्यातील पावसाळ्याचा एक त्रास मात्र येथे काम करणाऱ्यांनी आधीच ओळखावा. उघड्यावर राहिलेले सर्किट बोर्ड ओल धरतात, मग ती ओल वाफ होऊन निघत राहते, त्यामुळे अवकाशासारखा निर्वात करून चाचणी घेण्याच्या कक्षातील दाब लवकर उतरत नाही आणि आपण गळती शोधत सील पुन्हा पुन्हा बदलतो. बोर्ड सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावेत आणि चाचणीपूर्वी, घटकांना सोसेल इतक्याच मंद उष्णतेवर काही तास सुकवावेत; बॅटरी मात्र त्याआधी काढून ठेवावी.