खचलेल्या माणसासाठी प्राचीन ख्रिस्ती पत्रे कशी वाचावीत

रावेर-यावलकडे वादळाने केळीच्या बागा आडव्या केल्या, किंवा वेचणीच्या तोंडावर धुळे-नंदुरबारकडची कपाशी भिजली, की घरसभेत, म्हणजे घरी भरणाऱ्या प्रार्थनासभेत, धीराचे एखादे वचन वाचावेसे वाटते. सुटे वचन न घेता पूर्ण पत्र वाचावे. धीर देणारा स्वतः कोणत्या अवस्थेत होता हे कळले नाही, तर ऐकणाऱ्याला तो कोरडा उपदेश वाटतो.

सुरुवात बायबलमधल्या, करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राने करावी. रोमन साम्राज्याच्या आशिया प्रांतात जगण्याचीही आशा उरली नव्हती, ही पत्र लिहिणाऱ्या पौलाची कबुली पहिल्याच अध्यायात येते आणि न खचण्याची भाषा चौथ्यात. हा क्रम मोडू नये.

त्यानंतर योहान क्रिसोस्टमची पत्रे घ्यावीत. हा कॉन्स्टँटिनोपलचा बिशप इ.स. 404 मध्ये हद्दपार झाला आणि हद्दपारीत, मुख्यतः आर्मेनियाच्या डोंगरातल्या कुकुसस गावातून, त्याने ऑलिम्पियास या विधवा सेविकेला लिहिलेली 17 पत्रे आज उपलब्ध आहेत. ताप, पोटाचा विकार, जीवघेणी थंडी, इसॉरियन लुटारूंची भीती यांतले तो काही लपवत नाही आणि तिच्या प्रकृतीची विचारपूस पुन्हापुन्हा करतो. भ्यावे असे एकच, ते म्हणजे पाप, हे त्याचे म्हणणे वाचताना मात्र थांबून स्पष्ट सांगावे की सोसायटीचे कर्ज थकणे हे पाप नव्हे. बायबलमधल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या दाखल्याचे त्याचे लांबलचक विवेचन, माझ्या मते, दुःखाच्या पहिल्या आठवड्यात वाचूच नये.

वाचन झाल्यावर प्रत्येकाने एका खचलेल्या माणसाला अहिराणी, मावची, जी घरची बोली असेल तीत पत्र लिहावे. त्याचे नुकसान नाव घेऊन लिहावे, स्वतःचे हालही सांगावेत, आणि उत्तर द्यावेच लागेल असा एखादा साधा प्रश्न विचारावा. देवाची इच्छा होती, असे लिहून मोकळे होऊ नये. तो माणूस जीव देण्याची भाषा करत असेल, तर पत्रावर न विसंबता त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना कळवावे, डॉक्टरांकडे न्यावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर बोलणे करून द्यावे.

उत्तर आले नाही तर रुसून न बसता पंधरवड्याने दुसरे पत्र लिहावे, आणि तेही शक्यतो स्वतः नेऊन द्यावे.